पाणी कोणी पाजलं?

नोकरीतल्या बहुतेक खटल्यांचे तपशील आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणत्या चोराने कोणतं घर फोडलं, कोणाचा जबाब कोणत्या ठाण्यात घेतला, असं विचारलं तर मी दहा वेळा चुकेन. एका जहागीरदाराच्या खुनाचा तपास मात्र आजही जसाच्या तसा सांगता येतो. तो मी फार हुशारीने केला, असं कोणी समजू नये. त्या तपासात मी जितका गोंधळलो, तितका पुढे कधीच गोंधळलो नाही, एवढंच.

निजामी अमल होता. मी जालन्याच्या मस्तगडचा. उर्दू घोटून पोलिसात शिरलो आणि नुकताच अमीन झालो होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. ठाण्यात मी, एक जमादार, सात शिपाई आणि एक घोडा. रोजनामचा उर्दूत लिहायचा, माणसांशी मराठीत बोलायचं, साहेबांपुढे पुन्हा उर्दूत सांगायचं. एकच गोष्ट तीनदा सांगताना ती थोडी थोडी बदलते, हे मला तेव्हा नुकतंच कळू लागलं होतं.

कुंभार पिंपळगावचा आठवडी बाजार होता. दुपार कलल्यावर एका गावच्या पोलीस पाटलाचा माणूस धापा टाकत ठाण्यात आला. गावचे जहागीरदार त्यांच्या आमराईत मरून पडले होते. डोकं फुटलं होतं. बाजाराच्या दिवशी गावात म्हातारी माणसं आणि जनावरं तेवढी राहायची. आमराईचा माळीसुद्धा बाजाराला गेला होता आणि परत आल्यावर त्यालाच प्रेत दिसलं होतं.

या जहागीरदारांबद्दल मी आधी पुष्कळ ऐकलं होतं. गढीसमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. कोणाची बैलजोडी कधी वेठीला धरली जाईल याचा नेम नसे. ते कोणावर ओरडत नसत, असं लोक सांगत. हळू आवाजात शिक्षा सांगत आणि पुढच्या कामाला लागत. पंचक्रोशीत त्यांच्याबद्दल बरं बोलणारा माणूस मला भेटला नव्हता, आणि पुढेही भेटला नाही.

उजेड होता तोवर मी आणि जमादार तिथे पोचलो. पंचनामा करायला बसलो आणि पहिल्या ओळीलाच अडलो.

रक्त सांडलं होतं ते पायवाटेवर, उन्हात. प्रेत होतं वीस पावलांवर, आंब्याच्या सावलीत. मधल्या मातीत टाचा ओढत नेल्याच्या दोन रेघा होत्या. जखम डोक्याच्या मागच्या बाजूला, बोथट हत्याराची. जखमेवर कसला तरी पाला ठेचून लावला होता आणि त्यांच्याच फेट्याची पट्टी फाडून वर बांधली होती. उरलेल्या फेट्याची घडी डोक्याखाली होती. अंगरख्याचा गळा ओला होता. शेजारी पळसाच्या पानांचा द्रोण पडला होता, त्याच्या तळाशी घोटभर पाणी शिल्लक होतं.

जमादार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हे दोन मानसांचं काम हाय. एकानं मारलं अन् पळाला. दुसरा मागून आला, त्यानं सावलीत आनलं, पानी पाजलं. दुसरा घावला की पहिल्याचं नाव कळंल."

मला ते पटलं. डॉक्टरांनीही नंतर सांगितलं की घाव बसल्यावर माणूस तासभर तरी जिवंत असावा. म्हणजे कोणीतरी तासभर त्यांच्याजवळ बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गढीत जहागीरदारांच्या पत्नीचा जबाब घ्यायला गेलो. त्या पडद्यामागे बसल्या होत्या. वैर कोणाशी होतं, असं विचारलं. "कोणाशी नव्हतं, ते विचारा," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. मग पंचनामा वाचून दाखवला. द्रोणाचा उल्लेख आला तशी पडद्यामागची बांगडी वाजली.

"पाणी कोणी पाजलं?"

"अजून कळलं नाही, बाईसाहेब."

"मारणारा सापडेल तेव्हा सापडेल. आधी त्या माणसाला शोधा. या गावात त्यांना कोणी पाणी पाजेल असं मला वाटलं नव्हतं. मला त्याला लुगडं-धोतर नेसवून त्याचा मान करायचा आहे."

तिसऱ्या दिवशी गढीचे कारभारी ठाण्यात आले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यांनी खबर दिली. गावातल्या एका शेतकऱ्याचं नाव सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या लग्नात जहागीरदारांनी नवरदेवाला गढीसमोर घोड्यावरून खाली उतरवलं होतं आणि वरात पायी न्यायला लावली होती. तेव्हापासून तो माणूस चावडीवर बसून उघड सांगत होता, "ह्याला मीच संपवनार." बाजाराच्या दिवशी तो बाजारात कोणाला दिसला नव्हता.

शिपाई पाठवून त्याला आणला. चाळिशीचा, भरल्या अंगाचा माणूस. त्याला दमात घ्यायची वेळच आली नाही. समोर बसवल्याबरोबर तो म्हणाला, "लिवा अमीनसाब. मीच मारलं."

"कशानं?"

"काठीनं."

"काठी कुठं आहे?"

"टाकली वढ्यात. वाहून गेली असंल."

ओढ्यात त्या दिवसांत घोट्याइतकंही पाणी नव्हतं. मी ते बोललो नाही. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. बोलताना त्याची मान ताठ होती. दाराशी उभे असलेले शिपाई ऐकताहेत की नाही, तेही तो मधूनमधून बघत होता.

"मारलंस. मग पाणी का पाजलंस?"

"कोनी?"

"तू. सावलीत नेलंस, जखम बांधलीस, पाणी पाजलंस."

तो उठून उभा राहिला. "म्या? त्याला? अमीनसाब, फाशी द्यायची तर बराबर द्या. पन असलं काई माझ्या नावावर लिवू नका. माझी पोरगी तोंडावर थुकंल माझ्या."

त्याला हवालातीत बसवला आणि मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिलो. खुनाचा कबुलीजबाब या माणसाने ताठ मानेने दिला होता, आणि घोटभर पाण्याचं नाव काढताच तो उठून उभा राहिला होता. जमादार म्हणाले, "तीन वर्सं बोलून राह्यला हा. आता दुसऱ्यानंच मारलं असं झालं तर गावात तोंड कसं दाखवायचं, हे वझं झालंय त्याला."

मी मोहतमीम साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना, कळवलं की इकबाल, म्हणजे कबुली, आहे पण मला शंका आहे. उलट टपाली उत्तर आलं. शंका तपासात लिहीत नाहीत, इकबाल असेल तर पंधरा दिवसांत चालान पाठवा. चालान म्हणजे आरोपपत्र. ते गेलं असतं तर तो माणूस फासावर गेला असता, यात मला संशय नव्हता. मेलेला जहागीरदार होता, आणि मारेकरी स्वतःच गुन्हा कबूल करत होता.

मी पुन्हा गावात गेलो. घरोघर बसलो. तेव्हा जे पाहिलं ते मला नवीन होतं. खुनाबद्दल विचारलं की माणसं हसू दाबायची. कोणी मारलं असेल, असं म्हटलं की प्रत्येक जण आणखी दोघांची नावं सांगायचा, आणि तीही कौतुकाने. पाण्याबद्दल विचारलं की दारं लोटली जायची. एका म्हाताऱ्याने शेवटी समजावलं.

"साहेब, तुमी उलटं विचारून राह्यला. मारलं म्हननारे पन्नास मिळतील. पानी पाजलं म्हननारा कसा मिळंल? त्यानं सांगितलं, तर गाव त्याला पानी द्यायचं न्हाई."

म्हणजे ज्या दुसऱ्या माणसाच्या भरवशावर मी पहिल्याला शोधणार होतो, तो मला कधीच सांगणार नव्हता. रोज घोड्यावरून परत येताना मी मनात एकच गोष्ट घोळवत होतो. या गावात जहागीरदारांवर दया करणारा एक माणूस आहे. तो कोण? त्यांचा एखादा जुना नोकर? दूरचा नातेवाईक? एकेकाला चाळून पाहिलं. कोणीच बसेना.

आठवडा संपला, पुन्हा बाजार आला. बाजारात लोक मोकळे बोलतात, म्हणून मी साध्या कपड्यात कुंभार पिंपळगावला गेलो. बोललं कोणी काहीच नाही. परत निघताना मेंढ्यांच्या बाजाराकडून वाट होती. तिथे एक एडका उभा होता. त्याचं शिंग मोडलं होतं आणि डोक्याला चिंधी बांधली होती. ती कानामागून घेऊन जबड्याखालून आणली होती, पुन्हा वर नेली होती आणि गाठ डाव्या कानामागे मारली होती.

मी तिथेच थांबलो. जहागीरदारांच्या डोक्यावरची पट्टी अशीच होती. माणसाची जखम बांधताना आपण कपाळावरून पट्टी घेतो. ती जबड्याखालून का गेली असावी, हा प्रश्न मी पंचनाम्यात लिहून सोडून दिला होता. एडका मान हलवतो, म्हणून त्याला तसं बांधावं लागतं.

मेंढक्याला विचारलं, "कोणी बांधलं हे?"

"भावजयीनं माझ्या. तिच्या हाताला गुन हाय. ह्या भागात जनावराला लागलं, मोडलं, तर तिलाच बोलावत्यात."

"राहते कुठे?"

त्याने हाताने दिशा दाखवली. आमराईपासून कोसभरावर धनगरांची चार घरांची वस्ती होती.

जमादारांना घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेलो. मला वाटत होतं, आपण साक्षीदाराकडे चाललो आहोत. बाईला धीर द्यायचा, गावाला नाव कळू देणार नाही म्हणायचं, आणि तिने काय पाहिलं ते काढून घ्यायचं. मनात मी तिला बाईसाहेबांसमोरही उभी केली होती.

बाई पंचेचाळिशीची असेल. कोकराला दूध पाजत बसली होती. आम्हाला बघून उठली, घोंगडी अंथरली. मी विचारलं, "बाई, आमराईत जहागीरदारांना पाणी तुम्ही पाजलं?"

तिने कोकराला पुन्हा उचलून घेतलं. मग म्हणाली, "व्हय."

मला हायसं वाटलं. "मारणारा दिसला का?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काहीतरी विचित्र विचारलं होतं. शेवटी तिनेच विचारलं, "त्या शेतकरीदादाला धरलंय म्हनं तुमी?"

"हो. त्याने कबूल केलंय."

"त्याला कशापायी धरलं? तो त्या दिवशी लेकीच्या गावाला गेल्ता. आमच्या वस्तीवरूनच गेला. त्याची ल्हानी पोरं हायती घरी." कोकराला खाली ठेवून तिने हात पुसले. "सोडा त्याला. म्या मारलं."

मी जमादारांकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडेच पाहिलं. आठ दिवस आम्ही दोन माणसं शोधत होतो.

तिने सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या मेंढ्या जहागीरदारांच्या कुरणात शिरल्या. शिक्षा म्हणून त्याच्या डोक्यावर जहागीरदारांचे जोडे ठेवून त्याला गावभर फिरवलं. घरी आल्यावर तो कोणाशी बोलेना. पंधरा दिवसांनी एका सकाळी उठून गेला, तो परत आलाच नाही. जिवंत आहे की मेला, हेही तिला माहीत नव्हतं. कुंकू लावायचं की नाही, तेही तिला कळत नव्हतं. बाजाराच्या दिवशी जहागीरदार आमराईत एकटे फिरताना तिला दिसले.

"म्या पाया पडले त्याच्या. म्हनलं, सरकार, तुमचा शब्द समद्या ठान्यात चालतो. माझ्या मालकाचा तपास लावा. एवढंच करा, मंग माझं काई म्हननं न्हाई. तर त्यानं इचारलं, कोन तुझा मालक?"

"मग?"

"म्या नाव सांगितलं. त्याच्या ध्यानात यीना. कुरनाचं सांगितलं, जोड्याचं सांगितलं. लई इचार केला त्यानं, पन न्हाईच आठवलं. मंग म्हनला, असे कैक झाले. अन् पाठ फिरवून चालू लागला. शेळ्यांना पाला तोडायची कुऱ्हाड हातात व्हती. उलटी मारली."

"आणि पाणी?"

"पडल्यावर त्यानं पानी मागितलं."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. तिच्या लेखी एवढं सांगणं पुरेसं होतं. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती थोडी चिडली. "मागितल्यावर न्हाई कसं म्हनायचं, साहेब? ऊन लागून राह्यलं व्हतं त्याला. वाचंल असं वाटलं मला. पाला लावला, बांधलं. जनावरं वाचत्यात एवढ्यानं. हा न्हाई वाचला."

कुऱ्हाड छपराला खोचलेली होती. ती तिने स्वतः काढून दिली. मी पंचांसमोर जप्ती लिहिली.

रिवाजाप्रमाणे गढीत जाऊन कळवणं भाग होतं. बाईसाहेबांना सगळं सांगितलं. 

"दोन्ही एकच?" त्यांनी विचारलं.

"हो, बाईसाहेब."

"मी लुगडं आणून ठेवलंय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता मी काय करायचं, अमीनसाहेब?"

मी सलाम करून बाहेर पडलो.

बाईला मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं होतं, परतूरपर्यंत बैलगाडीने आणि पुढे रेल्वेने. दिवसभराची वाट. जमादार गाडीच्या मागे चालत होते, शिपाई पुढे. तिच्या समोर मी. त्या वाटेवर मी जे केलं ते कोणत्याही रोजनामच्यात नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

शेतकऱ्याला सोडायचा कागद तयार होता. लेकीच्या गावच्या लोकांनी तो त्या दिवशी तिथे होता असं सांगितल्यामुळे त्याची सुटका आता कोणी अडवणार नव्हतं. बाईचा इकबाल मॅजिस्ट्रेटसमोर अजून व्हायचा होता. कुऱ्हाड पुसलेली होती, पाहिलेला कोणी नव्हता. तिने तिथे एवढंच सांगितलं असतं, की मी तिकडून जात होते, माणूस पडलेला दिसला, मी त्याला पाणी पाजलं, तर तिला गुंतवणारं आमच्याकडे काही नव्हतं. जखम बांधली ही गोष्ट उलट तिच्याच बाजूने गेली असती.

मी पुढे वाकून हळूच म्हणालो, "बाई, मॅजिस्ट्रेट विचारतील तेव्हा नीट आठवून सांगा. तुम्ही तिथे पोचलात तेव्हा ते आधीच पडलेले होते, असं तर नाही ना? तुमचं काम फक्त पाण्याचं."

मी काय म्हणतो आहे ते तिला कळलं. 

"साहेब, पानी बी माझंच अन् कुऱ्हाड बी माझीच. आरधं कसं सांगू?"



मॅजिस्ट्रेटसमोर तिने सगळं सांगितलं. सेशन अदालतीत तिच्या वकिलाने पुन्हा तोच मार्ग सुचवला आणि तिने पुन्हा नकार दिला. सरकारी वकिलांनी पट्टीवरून, द्रोणावरून आणि एडक्याबद्दलच्या माझ्या साक्षीवरून ती तिथे होती हे सिद्ध केलं. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की ज्या पाण्याने गुन्हा शाबीत झाला त्याच पाण्यामुळे आपण फाशी देत नाही. जन्मठेप झाली. बाईसाहेब अदालतीत आल्या नाहीत, त्यांचा कोणी माणूसही आला नाही.

शेतकरी सुटला तेव्हा हवालातीतून बाहेर यायला तयार नव्हता. "बाईनं मारलं?" असं दोनदा विचारून तो पायरीवर बसून राहिला. गावात लोक त्याला हसले, हे मला नंतर कळलं. तेही दिवस गेले. दर वर्षी रान मोकळं झालं की तो त्या बाईच्या दिराचा कळप बोलावून खतासाठी आपल्या शेतात बसवायचा आणि त्याबदली धान्य द्यायचा. तिच्या मेंढ्याही त्याच कळपात होत्या. तिच्या नवऱ्याच्या शोधाचा कागद मी चार जिल्ह्यांच्या ठाण्यांत फिरवला. कुठूनही उत्तर आलं नाही.

माझ्या नोकरीच्या पुस्तकात या तपासाबद्दल शाबासकीची नोंद झाली. पुढे मी नव्या पोलिसांना शिकवत असे तेव्हा हा खटला हमखास सांगायचो. त्यांना सांगायचो, मेलेल्या माणसाचा राग कोणाला होता हे विचारत बसू नका. इथे तो साऱ्या गावाला होता आणि त्यातून मला काडीचाही धागा मिळाला नाही. माणूस जागेवर काय करून गेला ते बघा, आणि कबुली मिळाली म्हणून वही मिटू नका. एवढं मी त्यांना ठामपणे सांगत असे, कारण एवढं मला नक्की कळलं होतं.

उरलेलं मी त्यांना कधी सांगितलं नाही. ती बाई कुऱ्हाड मारून सरळ वस्तीवर निघून गेली असती, तर मला जन्मात सापडली नसती. शेतकऱ्याच्या मुलांची काळजी न करता गप्प बसली असती, तरीही सुटली असती. तिच्या हातून झालेल्या एका वाईट गोष्टीने तिच्यापर्यंत नेणारा एकही माग मागे ठेवला नव्हता. मी तिला पकडलं ते तिने केलेल्या दोन चांगल्या गोष्टींवरून, आणि कायद्याने तेच बरोबर होतं.

नंतर राज्य बदललं. शिक्षा कमी होऊन ती वस्तीवर परतल्याचं जमादारांच्या मुलाने मला पत्राने कळवलं. एकदा कामानिमित्त वाटूरला गेलो होतो, तिथून पुढे वस्तीकडे जाणारी गाडी मिळाली असती. अर्धा दिवस मोकळा होता. फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसलो आणि पहिल्या मोटारीने जालन्याला परत आलो. तिच्यासमोर उभा राहून मी तिला काय म्हणालो असतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.